आक्रमक खेळाडूने ओपनिंग कसं निवडावं

आक्रमक खेळायला आवडणाऱ्या नव्या खेळाडूने बुद्धिबळाच्या ओपनिंगबद्दल सल्ला विचारला की बहुतेक वेळा पाच-सहा गॅम्बिटांची, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ला मिळवणाऱ्या ओपनिंगची, नावं त्याच्या हातात पडतात. तो ती पाठ करतो, सुरुवातीचे काही डाव झटपट जिंकतो. मग कधीतरी समोर असा एकजण येतो, जो प्यादं घेतो, योग्य वेळी परत देतो आणि वजिरावजिरी करून मोकळा होतो. आता काय करायचं, हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं. हल्ल्याची शक्यता दहाव्या-बाराव्या चालीला पटावर काय उरतं यावर ठरते. म्हणून ओपनिंग निवडताना आधी त्या स्थितीकडे बघायचं आणि नावाकडे नंतर.

वाचताना पट मांडून ठेवा, मोबाइलवरचा चालेल. खाली उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी अक्षरं दिली आहेत, आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे. चालीच्या क्रमांकानंतर तीन टिंबं असली तर ती काळ्याची चाल. नुसतं घर लिहिलं असेल तर ती प्याद्याची चाल. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग.

पायरी १: आपण कसले आक्रमक, ते तपासा

तुम्ही अलीकडे जिंकलेले दहा-पंधरा डाव उघडा आणि प्रत्येकात विजय नेमका कुठून आला ते बघा. समोरच्याने वजीर फुकट दिला म्हणून जिंकलेला डाव आक्रमणात धरू नका. हरलेलेही चार डाव बघा. त्यातले बहुतेक दहाव्या चालीच्या आत मोहरा फुकट गेल्यामुळे हरले असतील, तर ओपनिंगचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा आणि रोज डावपेचांची कोडी सोडवा. तो दोष कुठल्याही ओपनिंगने झाकला जात नाही.

आक्रमक खेळाडू ढोबळमानाने तीन प्रकारचे दिसतात. काहींना मोजायला आवडतं: शह, मारणं, धमकी, पुन्हा शह, अशी सात-आठ चालींची साखळी डोक्यात चालवताना त्यांना मजा येते, आणि एक मोहरा कमी असला तरी त्यांची झोप उडत नाही. १९६० मध्ये तेविसाव्या वर्षी विश्वविजेता झालेला मिखाइल ताल हा या घराण्याचा मूळपुरुष. दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूंना मोहरा द्यायला जिवावर येतं. पण मोहरे चांगल्या घरी बसवून, चालीमागून चाल धमकी देत समोरच्याला श्वास घेऊ न देणं त्यांना जमतं. तिसरे उलटवार करणारे. समोरचा पुढे आला की त्याच्या मागे मोकळी पडलेली जागा त्यांना दिसते. ग्रँडमास्टर विक्टर कोर्चनॉय आयुष्यभर साधारण असा खेळला.

हा फरक वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूला किंग्ज गॅम्बिट (दुसऱ्याच चालीला प्यादं देऊ करणारं ओपनिंग) दिला तर तो एक प्यादं कमी असल्याच्या धास्तीने सहाव्या चालीपासून ते परत मिळवायच्या मागे लागतो, आणि हल्ला तिथेच संपतो. पहिल्या प्रकारच्या खेळाडूला लंडन सिस्टिमसारखं संथ ओपनिंग दिलं तर तो कंटाळून पंधराव्या चालीला काहीतरी अविचारी करून बसतो.

पायरी २: हल्ला कुठून उगवतो ते ओळखा

नव्या खेळाडूने चार प्रकारच्या स्थिती ओळखायला शिकलं तरी पुरे.

पहिली, मोहरे आधी बाहेर आलेले असणं आणि मधल्या पट्ट्या उघड्या असणं. पॉल मॉर्फीने १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इसुआर या जोडीविरुद्ध खेळलेला डाव याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. काळ्याचा राजा मधोमध अडकलेला, त्याच्या बाजूचा उंट आणि हत्ती जागचे हललेले नाहीत. सोळाव्या चालीला मॉर्फीने वजीर दिला आणि सतराव्या चालीला हत्तीने मात केली. तो डाव एकदा पटावर खेळून बघा आणि प्रत्येक चालीला दोन्ही बाजूंचे किती मोहरे कामाला लागले आहेत ते मोजा. वजिराचं बलिदान लोकांच्या लक्षात राहतं, पण डाव त्याआधीच या मोजणीत जिंकलेला होता.

दुसरी, दोन राजांचं विरुद्ध बाजूंना कॅसलिंग. आपला राजा तिकडे असल्यामुळे त्याच्या राजावर प्यादी सोडता येतात. आपलं घर उघडं पडत नाही. ही सरळ शर्यत असते आणि एक चाल उशीर झाला तर हार.

तिसरी, मध्यभाग प्याद्यांनी बंद झालेला असणं. मधून कोणी येऊ शकत नाही, त्यामुळे बाजूने निवांत हल्ला चढवता येतो. आपल्या प्याद्यांची साखळी ज्या बाजूला रोख धरून उभी असेल त्या बाजूला आपण खेळायचं. याबद्दल किंग्ज इंडियनच्या वेळी सविस्तर बोलू.

चौथी, डी पट्टीवरचं एकटं प्यादं, म्हणजे शेजारच्या सी आणि ई पट्टीवर आपलं प्यादं नसणं. नवशिक्यांना सांगितलं जातं की एकटं प्यादं कमजोर. शेवटच्या टप्प्यात ते खरं आहे. पण मधल्या खेळात डी४ वरचं ते प्यादं ई५ आणि सी५ ही घरं आपल्या घोड्यांसाठी राखून ठेवतं, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आपल्या हत्तींना मोकळ्या मिळतात, आणि योग्य क्षणी डी५ ढकललं की सगळे मोहरे एकदम जागे होतात. फक्त एक पथ्य: अशा स्थितीत मोहऱ्यांची अदलाबदल टाळायची. दोन-तीन मोहरे पटावरून गेले की हल्ला संपतो आणि प्याद्याचा अशक्तपणा तेवढा उरतो.

पायरी ३: पांढऱ्या मोहऱ्यांनी ई४ पासून सुरुवात करा

डी४ खेळूनही हल्ला करता येतो, त्याबद्दल वाद नाही. पण ई४ ने राजाच्या बाजूचा उंट आणि वजीर लगेच मोकळे होतात, पट्ट्या लवकर उघडतात आणि चुकीची शिक्षा पाचव्या-सहाव्या चालीलाच मिळते. शिकण्यासाठी यासारखं दुसरं नाही.

१.ई४ ई५ नंतर माझी पहिली पसंती इटालियन: २.घोडा एफ३ घोडा सी६ ३.उंट सी४. उंटाचा रोख एफ७ वर, जिथे सुरुवातीला काळ्याच्या राजाशिवाय कोणाचाच पहारा नसतो. इथून दोन वाटा फुटतात. दुसऱ्या प्रकारच्या, दाब टाकणाऱ्या खेळाडूने सी३, डी३, ०-० करत हळूहळू डी४ ची तयारी करावी. मोजण्याची आवड असणाऱ्याने ३...उंट सी५ नंतर ४.बी४ खेळावं.

हाच एव्हान्स गॅम्बिट. विल्यम डेव्हिस एव्हान्स या वेल्सच्या जहाज कप्तानाने १८२० च्या दशकात तो शोधला. ४...उंट×बी४ ५.सी३ ने उंटाला हुसकावायचं आणि उंट हलला की डी४ ने मध्यभाग फोडायचा. एका प्याद्याच्या बदल्यात पांढऱ्याला पुढच्या चाली फुकटात मिळतात. वजीर बी३ वर येऊन एफ७ वरचा दाब दुप्पट करतो, आणि उंट ए३ वर बसला तर काळ्याला कॅसलिंगच करता येत नाही. हे जुनाट प्रकरण आहे असं वाटत असेल तर १९९५ मध्ये रिगाला कास्पारोव्हने आनंदविरुद्ध हाच गॅम्बिट खेळून पंचवीस चालींत डाव जिंकला होता, हे लक्षात ठेवा. आनंदने त्यात ५...उंट ई७ असा शांत बचाव घेतला होता, तरीही.

कुठलाही गॅम्बिट खेळायला घेण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. प्यादं देऊन मला नेमकं काय मिळालं: किती जादा मोहरे बाहेर, कुठली पट्टी उघडी? समोरच्याने प्यादं घेतलंच नाही तर माझी स्थिती बरी राहते का? आणि त्याने योग्य वेळी ते परत दिलं तर माझ्याकडे काय उरतं? एव्हान्समध्ये तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जपून द्यावं लागतं. ५...उंट ए५ ६.०-० डी६ ७.डी४ उंट बी६ असा लास्करचा बचाव आहे. आता पांढऱ्याने हावरटपणे ८.डी×ई५ डी×ई५ ९.वजीर×डी८+ घोडा×डी८ १०.घोडा×ई५ केलं तर प्यादं परत मिळतं, पण वजीर गेले, हल्ला गेला, आणि वजिराच्या बाजूची पांढऱ्याची प्यादी विस्कटलेली. अशा वेळी प्यादं कमीच राहू द्यायचं आणि वजीर पटावर ठेवायचा. हे ज्याला पटत नाही त्याने एव्हान्स खेळू नये.

काळा ३...घोडा एफ६ खेळला तर ४.घोडा जी५ चा मोह होतोच. एफ७ वर दोन मोहऱ्यांचा मारा आहे, ४...डी५ ५.ई×डी५ घोडा×डी५ झालं तर ६.घोडा×एफ७ राजा×एफ७ ७.वजीर एफ३+ असा प्रसिद्ध फ्राइड लिव्हर हल्ला चढतो. डी५ वरचा घोडा वाचवायला काळ्याच्या राजाला ई६ वर, पटाच्या मधोमध यावं लागतं. नवशिक्यांच्या डावांत हे वारंवार घडतं. पण जाणकार ५...घोडा ए५ खेळतो आणि मग पुढाकार काळ्याकडे जातो. त्याची गोष्ट पाचव्या पायरीत.

इटालियन नको असेल तर व्हिएन्ना घ्या: २.घोडा सी३, आणि २...घोडा एफ६ ला ३.एफ४. इथे काळ्याने प्यादं घेतलं, ३...ई×एफ४, की ४.ई५ ने घोडा निमूट जी८ ला घरी परततो. सरळ किंग्ज गॅम्बिटपेक्षा हा प्रकार नव्या खेळाडूला सोयीचा, कारण ई४ ला आधीच घोड्याचा आधार आहे. काळ्याचं बरोबर उत्तर ३...डी५. ते आलं तर ४.एफ×ई५ घोडा×ई४ ५.घोडा एफ३ असं खेळा. एफ पट्टी उघडी असते आणि डाव जिवंत राहतो.

खुद्द किंग्ज गॅम्बिटबद्दल थोडक्यात. २.एफ४ ने स्वतःच्या राजासमोरचा पडदा आपणच उचलतो, आणि आजची इंजिनं (बुद्धिबळ खेळणारे संगणक प्रोग्रॅम) पांढऱ्याची बाजू किंचित कमी मानतात. बॉबी फिशर १९६० मध्ये मार देल प्लाताला स्पास्कीविरुद्ध यात हरला, १९६१ मध्ये हा गॅम्बिट मोडीत निघाल्याचा लेख त्याने लिहिला, आणि १९६३ च्या अमेरिकन स्पर्धेत स्वतःच तो खेळून जिंकला. अधूनमधून खेळायला झकास आहे, पण मुख्य ओपनिंग म्हणून पहिल्या वर्षी घेऊ नका.

पायरी ४: ई५ ऐवजी दुसरं उत्तर आलं तर

सगळ्या बचावांविरुद्ध सगळ्यात जहाल प्रकार निवडला तर पाठांतराचा डोंगर उभा राहतो. प्रत्येकाविरुद्ध एकच वाट ठेवा.

सिसिलियन (१...सी५) विरुद्ध मुख्य रस्ता २.घोडा एफ३ आणि ३.डी४ असाच आहे, पण त्यात काळ्याचे इतके उपप्रकार आहेत की नवखा गुदमरतो. तोवर स्मिथ-मोरा गॅम्बिट बघा: २.डी४ सी×डी४ ३.सी३ डी×सी३ ४.घोडा×सी३. नंतरची मांडणी ठरलेली असते: घोडा एफ३, उंट सी४, ०-०, वजीर ई२, एक हत्ती डी१ वर काळ्याच्या वजिरासमोर, दुसरा सी१ वर, आणि संधी मिळताच ई५. मोहरे कुठे जातात हे कळलं की अर्धं काम झालं. पण इथे सापळे दोन्ही बाजूंना आहेत. ४...घोडा सी६ ५.घोडा एफ३ ई६ ६.उंट सी४ वजीर सी७ ७.०-० घोडा एफ६ ८.वजीर ई२ घोडा जी४ झाल्यावर घोड्याला हाकलायला म्हणून ९.एच३ खेळलात तर ९...घोडा डी४! त्या घोड्याने वजिरावर हल्ला केलेला असतो आणि तो मारला तर वजीर एच२ वर मात. आपण यंत्रासारखी मांडणी करत राहिलो की असं होतं. शिवाय ३...घोडा एफ६ खेळून काळा गॅम्बिट नाकारू शकतो, ४.ई५ घोडा डी५ नंतरची स्थितीही थोडी बघून ठेवा.

फ्रेंच (१...ई६) विरुद्ध २.डी४ डी५ ३.ई५. ई५ च्या प्याद्यामुळे काळ्याचा घोडा एफ६ वर येऊ शकत नाही, म्हणजे त्याच्या राजाचा नेहमीचा पहारेकरी गैरहजर. उंट डी३ वर, घोडा एफ३ वर आणि काळ्याचं ०-० झालेलं असेल तर उंट×एच७+, मग घोडा जी५+ आणि वजीर एच५ हे बलिदान मनात घोळवत राहा. यातला मिलनर-बॅरी गॅम्बिट आक्रमकांचा लाडका: ३...सी५ ४.सी३ घोडा सी६ ५.घोडा एफ३ वजीर बी६ ६.उंट डी३ सी×डी४ ७.सी×डी४. डी४ चं प्यादं आता फुकट दिसतं, पण ७...घोडा×डी४ ८.घोडा×डी४ वजीर×डी४ ला ९.उंट बी५+ आणि वजीर गेला. काळा आधी ७...उंट डी७ खेळला तर मात्र प्यादं खरंच जातं, आणि पांढरा ०-० व घोडा सी३ करून त्याच्या मोबदल्यात वेग मिळवतो. स्टुअर्ट मिलनर-बॅरी दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला जर्मन सांकेतिक संदेश उलगडणाऱ्यांपैकी एक होता. सापळे रचायची हौस कुठून आली ते कळतं.

कॅरो-कान (१...सी६) विरुद्ध पानोव्ह अटॅक: २.डी४ डी५ ३.ई×डी५ सी×डी५ ४.सी४. यातून बऱ्याचदा तेच डी४ वरचं एकटं प्यादं उभं राहतं. मग योजना अशी: घोडे सी३ आणि एफ३ वर, उंट डी३ वर, ०-०, हत्ती ई१ वर, घोडा ई५ वर रोवायचा, उंट आणि वजीर बी१-एच७ कर्णावर एकामागे एक लावायचे, आणि ई१ चा हत्ती ई३ मार्गे जी३ ला आणायचा. काळा डी५ या घरावर घोडा बसवून प्यादं अडवायचा प्रयत्न करतो. तो बसायच्या आधी डी५ ढकलता आलं तर बहुतेक वेळा ढकलावंच.

स्कँडिनेव्हियन (१...डी५), पिर्क (१...डी६) वगैरेंसाठी सध्या वेगळा अभ्यास नको. मध्यभाग घ्या, मोहरे बाहेर काढा, वजीर लवकर बाहेर आला असेल तर त्याला हाकलत चाली कमवा.

पायरी ५: काळ्या मोहऱ्यांनी ई४ विरुद्ध

इथे नवखे आक्रमक सरळ सिसिलियनच्या ड्रॅगन या प्रकाराकडे धावतात. १.ई४ सी५ २.घोडा एफ३ डी६ ३.डी४ सी×डी४ ४.घोडा×डी४ घोडा एफ६ ५.घोडा सी३ जी६. मोह समजण्यासारखा आहे. पांढरा वजिराच्या बाजूला कॅसलिंग करून एच४-एच५ ढकलतो, उंट एच६ वर आणून जी७ चा उंट बदलतो आणि एच पट्टीवरून मात करायला येतो. काळा सी पट्टीवरून येतो आणि सी३ वरच्या घोड्यासाठी अख्खा हत्ती देतो. पण या शर्यतीत पंधरा-सोळा चालींपर्यंतचा अभ्यास नसला तर केवळ मनगटाच्या जोरावर निभाव लागत नाही. सिसिलियनच्याच नायदॉर्फ प्रकाराचंही तेच: फिशर आणि कास्पारोव्हने तो गाजवला, पण त्यांच्यामागची मेहनत आपल्याकडे नसते.

पहिलं वर्ष १...ई५ ला द्या. ते बचावात्मक आहे हा गैरसमज आहे. इटालियनमध्ये ३...घोडा एफ६ खेळा आणि ४.घोडा जी५ आलं तर खुश व्हा: ४...डी५ ५.ई×डी५ घोडा ए५ ६.उंट बी५+ सी६ ७.डी×सी६ बी×सी६. काळ्याचं एक प्यादं कमी आहे. पण पांढऱ्याचा उंट पुन्हा हलणार, मग एच६ ने घोडाही हलणार, मग ई४ ने तो पुन्हा हलणार, आणि या प्रत्येक वेळी काळा पुढे सरकणार. हा काळ्याकडून खेळलेला गॅम्बिटच आहे, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नाही. स्पॅनिश, म्हणजे ३.उंट बी५, आलं तर नेहमीच्या मांडणीने खेळा. तिथे हल्ल्याची घाई करू नका.

पायरी ६: डी४ विरुद्ध

आक्रमक खेळाडूंची खरी अडचण इथे. डी४ खेळणारा बहुतेक वेळा शांत डावाच्या शोधात असतो, आणि त्याला तो मिळू द्यायचा नसेल तर काळ्याने स्वतः असमतोल निर्माण करावा लागतो. यासाठी दोन चांगल्या वाटा आहेत, आणि एक मजेची.

मजेची आधी. आल्बिन काउंटर गॅम्बिट: १.डी४ डी५ २.सी४ ई५ ३.डी×ई५ डी४. पांढऱ्याने सहज म्हणून ४.ई३ केलं तर ४...उंट बी४+ ५.उंट डी२ डी×ई३ ६.उंट×बी४ ई×एफ२+ ७.राजा ई२ एफ×जी१, आणि या प्याद्याचा वजीर न करता घोडा करायचा, शह देत! ८.हत्ती×जी१ उंट जी४+ ने पांढऱ्याचा वजीर पडतो. सहाव्या-सातव्या चालीला प्याद्याचा घोडा करायची संधी बुद्धिबळात दुसरीकडे क्वचितच मिळते. पण ४.घोडा एफ३ खेळणाऱ्यासमोर काळ्याचं प्यादं कमी असतं आणि डाव लांब असतो. ब्लिट्झला, म्हणजे झटपट डावांना, ठीक.

पहिली गंभीर वाट टाराश डिफेन्स: १.डी४ डी५ २.सी४ ई६ ३.घोडा सी३ सी५ ४.सी×डी५ ई×डी५. पुढे अनेकदा काळ्याचं डी५ वरचं प्यादं एकटं पडतं आणि मोहरे मोकळे होतात. पानोव्हमध्ये पांढऱ्याकडून जे शिकलात तेच इथे रंग बदलून वापरायचं: घोडा ई४ वर, हत्ती ई८ वर, अदलाबदल टाळायची, जमेल तेव्हा डी४. एका अभ्यासात दोन ओपनिंग पदरात पडतात, आणि माझ्या मते नव्या खेळाडूने निवडीत सर्वांत जास्त वजन याच गोष्टीला द्यावं. दाब टाकणाऱ्या प्रकारातले असाल तर पुढे बघायचीही गरज नाही. स्पास्कीने १९६९ च्या पेट्रोस्यानविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात टाराश वापरला आणि किताब जिंकला.

दुसरी वाट किंग्ज इंडियन, खास उलटवारवाल्यांसाठी. १.डी४ घोडा एफ६ २.सी४ जी६ ३.घोडा सी३ उंट जी७ ४.ई४ डी६ ५.घोडा एफ३ ०-० ६.उंट ई२ ई५ ७.०-० घोडा सी६ ८.डी५ घोडा ई७. मध्यभाग कुलूपबंद झाला. पांढऱ्याची ई४-डी५ साखळी वजिराच्या बाजूकडे बोट दाखवते, काळ्याची डी६-ई५ साखळी राजाच्या बाजूकडे. त्यामुळे पांढरा सी५ करून तिकडे घुसणार आणि काळ्याने त्याच्या राजावर जायचं. आधी एफ६ चा घोडा डी७ किंवा ई८ वर घेऊन एफ प्याद्याला वाट द्यायची, मग एफ५, एफ४, जी५, घोडा जी६, जी४. हत्ती एफ७ वर आणला की उंट एफ८ वर जाऊन डी६ सांभाळतो आणि तोच हत्ती जी७ वर येऊन हल्ल्यात सामील होतो. ही सगळी कवायत एकाच डावात बघायची असेल तर १९५३ च्या झुरिच स्पर्धेतला तायमानोव्ह विरुद्ध नायदॉर्फ हा डाव शोधा.

दोन सूचना. सी८ चा उंट उगाच बदलू नका. तो घरी बसून काही करत नाही असं वाटतं, पण शेवटी एच३ वर स्वतःला झोकून पांढऱ्याच्या राजाचं घर फोडणारा बहुधा तोच असतो. आणि वजिराच्या बाजूला सतत पांढऱ्याला उत्तरं देत बसलात तर दोन्हीकडे हराल. तिकडे एखादं प्यादं गेलं तर जाऊ द्या. तिकडे त्याला प्यादं मिळतं, इकडे आपल्याला राजा.

आज नवशिक्यांमध्ये लंडन सिस्टिमचं, म्हणजे डी४ नंतर उंट एफ४ चं, पेव फुटलं आहे. किंग्ज इंडियनचीच मांडणी करा: जी६, उंट जी७, डी६, ०-०, बी८ चा घोडा डी७ वर. मग ई५ जमवलं की एफ४ च्या उंटावर आयता हल्ला होतो आणि एक चाल कमावता येते.

पायरी ७: शिकायचं कसं

प्रत्येक ओपनिंगसाठी वहीत एक पान. त्यावर फक्त आठ-दहा चाली, आणि खाली चार ओळी: माझे मोहरे कुठे बसतात, कुठलं प्यादं ढकलून डाव फोडायचा, कुठला मोहरा बदलायचा नाही, समोरच्याला काय हवंय. सोबत एक आदर्श डाव, पूर्ण, शेवटपर्यंत. मोठमोठे चालींचे वृक्ष डाउनलोड करून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

इंजिनच्या आकड्याला फार भाव देऊ नका. एव्हान्सला ते शून्याच्या आसपास दाखवतं, पण तुमच्या समोर बसलेल्या माणसाला पाच मिनिटांत पाच अचूक चाली शोधायच्या असतात. मात्र डाव संपल्यावर इंजिन जरूर लावा, आणि एकच प्रश्न विचारा: मी पाठ केलेल्या वाटेवरून पहिलं कोण उतरलं, मी की तो? तुम्ही उतरलात तर वहीत दुरुस्ती करा. तो उतरला तर त्याला शिक्षा कशी करायची होती ते लिहा. असे तीस-चाळीस डाव, शक्यतो पंधरा मिनिटांचे, झाल्याशिवाय ओपनिंग बदलू नका. तीन हरले म्हणून बदलणारा खेळाडू कायम पहिल्याच पानावर राहतो.

राहता राहिले वजीर बदलणारे. आक्रमक म्हणून तुमची ओळख झाली की हे लोक भेटणारच. किंग्ज इंडियनमध्ये ७.डी×ई५ डी×ई५ ८.वजीर×डी८ हत्ती×डी८ हा त्यांचा ठरलेला मार्ग. निराश होऊ नका, आणि ९.घोडा×ई५ आलं तर घाबरू नका: ९...घोडा×ई४ १०.घोडा×ई४ उंट×ई५ ने प्यादं लगेच परत मिळतं. पांढऱ्याने ते टाळलं तर पटाकडे नीट बघा. त्याची सी आणि ई पट्टीवरची प्यादी दोन्ही पुढे गेली आहेत, त्यामुळे डी४ हे घर आता त्याला कुठल्याच प्याद्याने राखता येत नाही. तुमचं सी६ मात्र अजून शिल्लक आहे, त्याने डी५ बंद करता येतं. मग घोडा फिरवत फिरवत ई६ वर आणा आणि तिथून डी४ वर बसवा.